स्नोमॅन केक पॉपचं पांढरं कवच दर वेळी तडकतं? आधी फ्रीझर बंद करा

केक पॉप म्हणजे केकचा चुरा बटरक्रीमने बांधून वळलेला गोळा, काडीवर लावून वितळलेल्या कंपाउंडमध्ये बुडवलेला. ही बुडी म्हणजेच डिप. डिप छान झालं, पांढरं गोल डोकं तयार झालं, डोळे लागले, नाक लागलं, आणि अर्ध्या तासाने बघावं तर कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी चीर. कधी चीर दिसत नाही, पण मानेशी, जिथून काडी आत जाते तिथे, तेलाचा पिवळट थेंब जमलेला असतो. नाताळच्या पार्टीला करा नाहीतर संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाला, ग्वाल्हेरच्या थंडीत ही तक्रार ठरलेली. आणि ठरलेला आरोपी म्हणजे कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं, लादीत मिळणारं पांढरं चॉकलेट. ‘ह्या कंपनीचं नको, त्या कंपनीचं आणून बघ.’ लादी बदलते, तडा जागच्या जागी.

बहुतेक घरांत दोष कंपाउंडचा नसतोच. गोळा किती गार होता, कंपाउंड किती गरम होतं आणि खोली किती अंशांवर होती, ह्या तिघांचं जमलेलं नसतं. त्यातही पहिला नंबर गोळ्याचा.

तडा जातो म्हणजे काय होतं

वितळलेलं कंपाउंड घट्ट होताना आकसतं. साच्यात ओतलेलं चॉकलेट साचा उलटा केल्यावर अलगद सुटून पडतं, ते ह्याच आकसण्यामुळे. साच्यात त्याला आत सरकायला जागा असते. केकच्या गोळ्यावर मात्र ते बाहेरून चढलेलं असतं. आकसायचं तर आतल्या बाजूला, आणि आत गोळा ठाण मांडून बसलेला. म्हणजे कवच सेट झाल्यापासूनच ताणाखाली असतं. एवढा ताण ते सहसा सोसतं.

आता हाच गोळा फ्रीझरमधून, म्हणजे उणे १८ अंशांवरून, थेट ४० अंशांच्या कंपाउंडमध्ये गेला असं समजा. गार पृष्ठभागाला टेकताच कंपाउंड काही सेकंदांत कडक होतं. वरून काम झाल्यासारखं दिसतं, पण आतला गोळा अजून गारच असतो. पुढचा तासभर तो खोलीच्या तापमानाला येत राहतो आणि येता येता जरासा फुगतो. केकमधली हवा फुगते, लोणी सैल होतं. फुगणं केसभराचंच, पण दीड मिलिमीटर जाडीच्या कडक कवचाला तेवढं पुरतं. बाहेरून आवळणं, आतून फुगणं. जिथे थर पातळ तिथे कवच सुटतं. घर शांत असेल तर ‘टक्’ असा आवाजही ऐकू येतो.

मग व्हिडिओत सगळे गोळे फ्रीझरमध्ये का ठेवतात? ते व्हिडिओ कुठल्या घरातले आहेत ते बघा. मुंबईच्या स्वयंपाकघरात डिसेंबरातही २६-२८ अंश असतात. तिथे गोळा गार केला नाही तर मऊ पडून काडीवरून घसरतो. परदेशातल्या व्हिडिओत खिडकीबाहेर बर्फ दिसतो, पण स्वयंपाकघर हीटिंगने २०-२२ अंशांवर राखलेलं असतं. आपलं नेमकं उलटं. बाहेर बर्फ कधी पडत नाही आणि घर मात्र आतून गारठलेलं. जानेवारीत ग्वाल्हेरचं किमान तापमान सरासरी ७ अंशांच्या आसपास असतं, आणि धुकं उठलंच नाही तर दुपारीही स्वेटर उतरत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या, जाड भिंतींच्या घरांत सकाळचं स्वयंपाकघर १२-१४ अंशांवर सहज असतं. गोळा घट्ट करायला एवढं भरपूर झालं.

गेल्या डिसेंबरात भाचीचा फोन आला, आवाज रडवेला.

“मावशी, परत तडकले गं. सगळेच्या सगळे.”

“गोळे कुठून काढलेस?”

“फ्रीझरमधून. व्हिडिओत तसंच सांगितलंय.”

“आणि आत्ता अंगावर काय आहे तुझ्या?”

“स्वेटर. वर शाल पण आहे. का?”

तिला एक प्रयोग सांगितला, तो तुम्हीही करून बघा. एकाच पिठाचे, म्हणजे मळलेल्या केकच्या चुऱ्याचे, तीन गोळे घ्या. एक फ्रीझरमध्ये, एक फ्रिजमध्ये, एक ओट्यावर झाकून, असे दोन तास ठेवा. मग तिन्ही एकाच पेल्यातून, एकामागून एक डिप करा आणि तासभर नुसते उभे राहू द्या. फ्रीझरवाल्याला बहुधा वरपासून खालपर्यंत तडा जातो. फ्रिजवाल्याला एखादी केसासारखी रेघ येते, ती उजेडात तिरपं धरल्यावर दिसते. ओट्यावरचा तसाच्या तसा राहतो. कंपाउंड तिघांनाही तेच.

चीर कुठे आहे आणि कधी आली

इलाज करण्याआधी एवढं बघून घ्या, अर्धं निदान तिथेच होतं.

डिप केल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात आलेली उभी, लांब चीर म्हणजे गार गोळा. त्यावर दुमत नाही.

टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि त्यातून तेल किंवा पिवळसर चिकट थेंब येत असेल तर तिथे हवेचा बुडबुडा राहिला होता किंवा थर फार पातळ होता. आणि बाहेर येण्याइतकं तेल आत होतं, म्हणजे पीठ गरजेपेक्षा ओलं होतं. ह्याचं पुढे सविस्तर सांगते.

काडीभोवती गोल चीर पडून डोकं खाली सरकलं असेल तर काडी सेट होण्याआधीच डिप केलंय, किंवा गोळा जड आहे. २५ ते ३० ग्रॅमच्या वर जाऊ नका. स्नोमॅनचं डोकं मोठं छान दिसतं खरं, पण चाळीस ग्रॅमचा गोळा कागदी काडीवर तग धरत नाही.

रात्री सगळं ठाकठीक आणि दुसऱ्या दिवशी पार्टीच्या तोंडावर तडा, असं असेल तर तुमचं करणं चुकलेलं नाही, ठेवणं चुकलंय. गार खोलीतून हीटरच्या खोलीत आणलंत ना?

गोळे आणि डिप: आपल्या हवेला जमेल असं

गोळे संध्याकाळी वळा आणि हवाबंद डब्यात घालून, हीटर नसलेल्या खोलीत रात्रभर ठेवा. फ्रिज नको. मिश्रण बटरक्रीम, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) किंवा कंडेन्स्ड मिल्कने बांधलेलं असेल तर एवढ्या थंडीत एका रात्रीत त्याला काही होत नाही. व्हिप्ड क्रीम किंवा क्रीम चीजने बांधलं असेल तर मात्र फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. म्हणूनच ह्या कामाला ती दोन्ही मी वापरतच नाही.

डिपची वेळ दुपारी बारा ते तीन. रात्री जेवणं आटोपून, भांडी घासून, अकरा वाजता डिप करायला बसण्याची जी आपली पद्धत आहे, ती ह्या कामाला घातक. त्या वेळी ओट्याचा दगड बर्फ झालेला असतो, कंपाउंड पेल्यातच घट्ट व्हायला लागतं, आणि मग सुरू होतं परत परत गरम करणं. दुपारी खोली १८-२० अंशांवर येते, गोळेही डब्यात बसल्या बसल्या तितकेच झालेले असतात. ह्या कामाला ह्याहून चांगलं तापमान नाही. धुक्यामुळे दिवसभर ऊनच पडलं नाही, तर डबा तासभर आधी घरातल्या त्यातल्या त्यात उबदार खोलीत आणून ठेवा. हीटरसमोर नव्हे, नुसता खोलीत.

काडीचं टोक दीड सेंटिमीटरपर्यंत कंपाउंडमध्ये बुडवा आणि हलकेच फिरवत गोळ्यात अर्ध्याहून थोडं जास्त घाला. जोराने खुपसलीत तर गोळ्यालाच आतून भेग पडते आणि ती पुढे कवचावर उमटते. दहा मिनिटं हात लावू नका. काडी घट्ट झाली की मगच डिप.

कंपाउंड ३८ ते ४० अंशांवर हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर चमच्याने थेंबभर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. कोमट लागलं पाहिजे, चटका नको. ४५च्या वर पांढरं कंपाउंड नेऊच नका. त्यात दुधाची पावडर आणि साखर भरपूर असते, ती लगेच करपते. मग मिश्रण दाट, रवाळ होतं आणि वास बिघडतो. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर वीस-तीस सेकंद, ढवळणं, पुन्हा वीस-तीस सेकंद. घाई करायची नाही.

भांडं उथळ घेऊ नका. स्टीलचा उंच, अरुंद पेला घ्या, म्हणजे गोळा एका बुडीत पूर्ण झाकतो. पंचवीस गोळ्यांना चारशे ग्रॅम वितळवा. सगळं लागत नाही, पण बुडायला खोली हवी. गोळा सरळ आत, सरळ बाहेर. आत घोळवलात तर चुरा सुटून कंपाउंडमध्ये पडतो आणि पुढच्या प्रत्येक डोक्यावर पुरळ. बाहेर काढल्यावर काडी किंचित तिरपी धरा आणि दुसऱ्या हाताने काडी धरलेल्या मनगटावर टिचक्या मारा. जास्तीचं गळून जातं. तोपर्यंत काडी बोटांत सावकाश फिरवत राहा. मानेशी कंपाउंडचा जाड कंगोरा राहू देऊ नका, आकसताना ओढ तिथूनच सुरू होते.

सेट व्हायला थर्मोकोलच्या तुकड्यात उभे खोचून खोलीतच ठेवा. फ्रिजमध्ये ‘पाच मिनिटं, लवकर सेट व्हावं म्हणून’ ठेवण्याचा मोह आवरा. १८ अंशांच्या खोलीत कंपाउंड तसंही बघता बघता कडक होतं. उलट डोळे-नाक लावायला वेळ कमी पडतो, म्हणून ते सगळं आधीच ताटलीत मांडून ठेवावं.

कंपाउंड पेल्यातच घट्ट होतंय

हे खास आपल्याकडचं दुखणं, आणि निम्मे तडे अप्रत्यक्षपणे ह्यातूनच येतात. पाच गोळे होईपर्यंत कंपाउंड दाट होतं. दाट कंपाउंडचा थर जाड बसतो, आणि जाड थर आकसतोही जास्त. म्हणून आपण ते पुन्हा गरम करतो, वैतागून जरा जास्तच करतो, आणि सहावा गोळा पन्नास अंशांत जातो.

ह्याला माझा उपाय पोळ्यांचा कॅसरोल. त्यात ४५ अंशांचं, म्हणजे बोट सुखाने बुडवता येईल इतपत गरम, पाणी दोन बोटं घाला आणि कंपाउंडचा पेला त्यात उभा करा. पेल्याभोवती फॉईलची कॉलर करून कॅसरोलचं तोंड झाका, म्हणजे वाफ आत जाणार नाही. पाणी अर्धा तास ऊब धरतं. एक काळजी मात्र घ्या. पेला बाहेर काढला की त्याचं बूड लगेच पुसा. पाण्याचा एक थेंब कंपाउंडमध्ये गेला की साखरेचे कण एकमेकांना चिकटतात आणि अख्खा पेला लापशीसारखा होतो. तो मग डिपच्या कामाचा राहत नाही.

पातळ करायचंच असेल तर दोनशे ग्रॅमला एक चहाचा चमचा खायचं खोबरेल. ते तेल ह्या दिवसांत बाटलीत गोठलेलंच असतं, ते वितळवून, कोमट करून घाला. गार तेल घातलंत तर गुठळ्या होतात. बाजारातलं बहुतेक कंपाउंड पाम कर्नलसारख्या वनस्पती तेलाचं असतं आणि खोबरेलाचं त्याच्याशी जमतं. शिवाय एवढ्याशा तेलाने कवच किंचित लवचीक होतं. गार खोलीत कंपाउंड जास्तच ठिसूळ होतं, त्यामुळे पुण्या-मुंबईपेक्षा इथे त्याचा उपयोग अधिक. दोन चमच्यांच्या पुढे गेलात तर कवच बोटाला चिकटेल.

लोणी किंवा टेबल बटर घालू नका, त्यात पाणी असतं. तुपाचा वास राहतो.

पाकिटावर एकदा नजर टाका. घटकांत ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ असेल तर ते कंपाउंड, वर सांगितलं ते सगळं त्याला लागू. ‘कोको बटर’ असेल तर ते खरं व्हाइट चॉकलेट. ते टेम्पर करावं लागतं: ४०-४५ अंशांवर वितळवायचं, २६-२७वर उतरवायचं आणि २८-२९वर वापरायचं. दोन्हींची मिसळ करू नका. दोन वेगळ्या जातींची चरबी एकत्र नीट गोठत नाही, कवच मऊ पडतं आणि पुढे त्यावर डागही येतात. मुलांच्या स्नोमॅनला कंपाउंड पुरे. खरं चॉकलेट मोठ्यांच्या कपाटात राहू द्या.

पीठच ओलं असेल तर

आपल्या मराठी घरांत केक बहुधा बिनअंड्याचा, कंडेन्स्ड मिल्कचा. तो मुळातच ओलसर आणि चिकट असतो. आणि पाककृतीत लिहिलेलं असतं की चुऱ्यात वाटीभर फ्रॉस्टिंग घाला. ते प्रमाण कोरड्या, अंड्याच्या स्पंजसाठीचं. कंडेन्स्ड मिल्कच्या केकचा पाचशे ग्रॅम चुरा असेल तर आधी फक्त दोन मोठे चमचे बटरक्रीम घाला, मळा, मूठ बांधून बघा. बांधली गेली तर तिथेच थांबा. नाही बांधली तर अर्धा-अर्धा चमचा वाढवत जा.

गोळा वळल्यावर आपला तळवा उजेडात बघा. तेलाने चमकत असेल तर पीठ जास्त ओलं. वाया गेलं असं समजू नका, चहाबरोबर खातो ते टोस्ट मिक्सरमधून बारीक करा आणि चमचा-चमचा घालत मळा. उलट गोळ्यावरच भेगा दिसत असतील तर पीठ कोरडं, त्याला चमचाभर दूध नको, बटरक्रीमच द्या.

वळताना बेसनाचा लाडू दाबतो तसं दाबू नका. जोर लावून दाबलेला केक स्पंजच असतो. तो हळूहळू पूर्ववत व्हायला बघतो, आणि ते व्हायचं त्याच्या मनात येतं नेमकं डिप झाल्यावर. हलक्या हाताने गोल करा, अर्धा तास बसू द्या, मग तळहातावर एकदा फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करा.

इथे गजकचा, म्हणजे तीळ-गुळाच्या खुसखुशीत वडीचा, विषय काढायलाच हवा, कारण ग्वाल्हेरात राहून केकमध्ये गजक घालावीशी वाटली नाही असं होत नाही. चव अप्रतिम लागते. पण गजक कुटून पिठात मिसळली की तिच्यातला गूळ केकमधला ओलावा ओढून घेतो, रात्रीतून विरघळतो, आणि सकाळी गोळ्याला पाझर फुटलेला असतो. कुरकुरीतपणा गेला तो गेलाच. गजक हवीच असेल तर चुरा करून वेगळी ठेवा आणि डिप केल्या केल्या मानेभोवती मफलरसारखी चिकटवा. दिसतेही छान, आणि मानेशी राहिलेला कंगोरा झाकला जातो.

हीटर, ऊन आणि घाम

केक पॉप १४ अंशांच्या मागच्या खोलीत शांतपणे बसलेले असतात. पाहुणे यायच्या वेळी आपण बैठकीत हीटर लावतो आणि ताट नेऊन मधोमध ठेवतो. खोली २४-२५वर, गोळा पुन्हा फुगायला लागला. त्यातच गार कवचावर खोलीतली वाफ बसते आणि स्नोमॅनला घाम फुटतो. चहा उकळत असेल, माणसं जास्त असतील तर आणखीच. घामाने वरची साखर विरघळते, वाळल्यावर खरखरीत डाग राहतात, आणि नाकाचा नारंगी रंग ओघळून हनुवटीवर येतो.

डबा बंद ठेवूनच तासभर आधी त्या खोलीत आणा, हीटरपासून लांब, जमिनीवर नको. डबा बाहेरून हाताला गार लागेनासा झाला की मग उघडा. तोवर वाफ डब्यावर बसते, कवचावर बसत नाही, आणि गोळाही हळूहळू तापतो. सावकाश बदल कवच सोसतं.

गच्चीवरच्या उन्हाचंही तेच. हिवाळ्यात आपण माणसांसकट सगळं उन्हात नेतो, पण ह्यांना नेऊ नका. सावलीत २० अंश असले तरी थेट उन्हात पांढरं कवचही मऊ पडतं आणि सावलीत आल्यावर सुरकुततं.

धुक्याच्या सकाळी फ्रिजचा प्रश्नच येऊ नये. त्या दिवशी हवा ओलाव्याने भरलेली असते. फ्रिजमधून काढलेली कुठलीही गोड वस्तू बाहेर आली की लगेच ओली होते. फॉन्डंटची, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याची, टोपी-मफलर केली असेल तर तिची चिकट गोळीच होते.

तडकलेत, आणि पाहुणे दारात आहेत

केसासारखी रेघ असेल तर तेच कंपाउंड कोमट करून टूथपिकने चिरेत भरा, बोटाने पुसून सपाट करा, आणि त्या बाजूला चेहरा करू नका. पाठ झाली ती.

मोठी चीर असेल तर गोळा खोलीच्या तापमानाला आलाय ह्याची खात्री करा, कंपाउंड ३५-३६ अंशांवर उतरू द्या आणि दुसरी पातळ बुडी द्या. बाहेर काढल्या काढल्या डेसिकेटेड कोकोनटमध्ये लोळवा. खरं सांगायचं तर गुळगुळीत डोक्यापेक्षा हा खोबऱ्याचा बर्फ जास्त बर्फासारखा दिसतो. मी आता निम्मे मुद्दामच असे करते, तडा असो वा नसो. आयसिंग शुगर भुरभुरवू नका. ओलसर हवेत ती तासाभरात विरून जाते.

तेल गळत असेल तर आधी टिश्यूने टिपा, मग त्या भोकावर कंपाउंडचा ठिपका लावा. तेलावर ठिपका धरत नाही.

बोरन्हाणासाठी सजवताना

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतात, काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घातलेलं पोर मध्ये बसतं, तिथे हे पांढरे स्नोमॅन फार शोभतात. पांढरा काटेरी हलवा टोपीच्या कडेला गोंड्यासारखा लावा. कवच ओलं असतानाच चिकटवायचा, नंतर धरत नाही. रंगीत हलवा नको, जरा घाम आला की रंग सुटतो. डोळ्यांना काळे तीळ, भुवया उपटायच्या चिमट्याने लावा, मात्र चिमटा ह्याच कामाला वेगळा ठेवलेला हवा. नाकाला नारंगी बडीशेपेची गोळी किंवा नारंगी रंगवलेला बदामाचा काप. नाक बसवायला टूथपिकचा तुकडा आत खुपसू नका, लहान मूल सरळ चावतं.

चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना काडीही नको, हलवाही नको आणि नाकाची गोळी किंवा बदामही नको, घशात अडकतो. त्यांच्यासाठी बिनकाडीचे छोटे गोळे खोबऱ्यात घोळवून वाटीत द्या.

कंपाउंड पिवळट दिसतं म्हणून काही जणी पांढरा रंग शोधत फिरतात. वितळलेल्या कंपाउंडमध्ये जांभळा तेलातला रंग टूथपिकच्या टोकावर येईल इतकाच घाला, पिवळेपणा मरतो. त्याहून जास्त पडला तर डोकं फिकट जांभळं होईल. पाण्यातला किंवा जेल रंग घालू नका, पेला लापशी होईल. मफलरचा लाल-निळा रंगही तेलातला किंवा पावडरच घ्या.

एवढं करूनही जमत नसेल

मग गोळ्याला बाहेरून कवच चढवण्याचा हट्ट सोडा आणि सिलिकॉनचा आइस्क्रीम कँडीचा साचा घ्या. आधी साच्यात कंपाउंडचं कवच करा: एक हात फिरवा, सेट होऊ द्या, कडांना दुसरा हात द्या. मग काडी बसवून त्यात केकचं पीठ अलगद भरा, कडेपासून थोडं खाली ठेवून, आणि वरून कंपाउंडने बंद करा. ह्यात कवच आधीच आकसून मोकळं झालेलं असतं आणि आतला केक खोलीच्याच तापमानाचा असतो, त्यामुळे तडा जायला कारणच उरत नाही. साच्यातून काढताना काडी ओढू नका, सिलिकॉन कडेने सोलून काढा. सपाट पांढऱ्या पाटीवर स्नोमॅनचा चेहरा काढणं गोल डोक्यापेक्षा सोपं पडतं, आणि स्कूटरवरून नेताना आडवे झोपवून नेता येतात.